खरं स्टेशन, लहान खोली: दाबायचं की कापायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. खोली ३.६ मीटर बाय २.७ मीटर, एका कोपऱ्यात आत उघडणारं दार. एक खरं लहान जंक्शन, साधारण चाळीस वर्षांपूर्वी होतं तसं, मॉडेल रेल्वेत उभं करायचंय: दोन फलाट, मालधक्का, सिग्नलची केबिन आणि बाजूला निघणारा एक फाटा. खऱ्या जागी पहिल्या सांध्यापासून (जिथे एका रुळाला दुसरा फुटतो) शेवटच्या सांध्यापर्यंत सुमारे ८०० मीटर. हाताशी उपग्रहचित्र आणि आठ जुने फोटो. विचारलंय ते असं: मॉडेलचं एचओ प्रमाण घेऊ की त्याहून लहान एन, सगळं मापात करू की आखडून घेऊ, आणि सुरुवात कुठून करू.

पंचवीसेक वर्षं मी या उद्योगात आहे. तीन लेआउट, म्हणजे बोर्डावर उभारलेल्या रेल्वेच्या मांडण्या, बांधले आणि त्यातले दोन स्वतःच्या हाताने मोडले. दोन्ही वेळा कारण एकच होतं. खरी जागा मी चारी बाजूंनी सारखी दाबून बोर्डावर बसवली होती. फलाट अर्धा, यार्ड अर्धं, फलाट आणि मालधक्क्यामधलं अंतर अर्धं, पुलापर्यंतची मोकळी जागाही अर्धी. कागदावर सगळं होतं. उभं राहिल्यावर मात्र त्या गावात वाढलेल्या एका ओळखीच्या माणसाला दाखवलं, तर त्याने पाच मिनिटं बघून विचारलं, "हे कुठलं स्टेशन?"

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. दाबू नका, कापा. आणि कापायचं ते खऱ्या जागेतच जिथे नजर अडते तिथे.

कोणतीही जागा आपण मीटरमध्ये लक्षात ठेवत नाही. आधी काय दिसतं, मग काय, कशाच्या मागून काय डोकावतं, हे लक्षात राहतं. पुलाखालून बाहेर पडलं की डावीकडे केबिन, तिच्या जिन्यासमोर पाण्याची टाकी, टाकीच्या पायांमधून दिसणारा मालधक्क्याचा उतरता पत्रा. हा क्रम हलला की जागा गेली. मधली शंभर मीटर मोकळी लाइन कमी झाली तर कोणाला कळतही नाही.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण स्वित्झर्लंडमधलं आहे. १८८२ साली सुरू झालेली गोथार्डची जुनी रेल्वे वासेन गावाजवळ उंची कमावण्यासाठी मागे-पुढे वळसे घेते. त्यामुळे गाडीतून एकच चर्च तीनदा दिसतं: आधी डोक्यावर, मग समोर, मग पायाखाली. ही जागा ज्यांना बांधायची आहे त्यांच्यापुढे पेच असा की तिथली वळणं सुमारे ३०० मीटर त्रिज्येची. एचओमध्ये तेच ३.४ मीटर, म्हणजे नुसता अर्धा वळसा सात मीटर रुंद. घरात कोण करणार? तरी लोक करतात, आणि बघणाऱ्याला गाव ओळखू येतं. कारण त्रिज्या पाचवा हिस्सा करूनही त्यांनी चर्च आणि तीन पातळ्या यांचं नातं सोडलेलं नसतं. वळणांची मापं हुबेहूब ठेवून चर्च बाजूला सरकवलं असतं तर ती आल्प्समधली कुठलीही दरी झाली असती.

तर पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. फोटो बाजूला ठेवा आणि आठवणीतून, किंवा ती जागा पाहिलेल्या कोणाला विचारून, त्या स्टेशनात शिरताना दिसणाऱ्या गोष्टी क्रमाने लिहा. दहाच्या वर जाऊ नका. मग एकेक खोडत जा: ही नसेल तर ते तेच स्टेशन वाटेल का? चार-पाच गोष्टी अशा उरतील की ज्यांवर पेन्सिल थांबते. तुमचा लेआउट त्यांचा आहे. बाकी सगळं वाटाघाटीला मोकळं.

आता भिंतीचा हिशेब. एचओ म्हणजे १:८७, एन म्हणजे १:१६०. ८०० मीटर एचओमध्ये ९.२ मीटर होतात, एनमध्ये ५ मीटर. तुमची लांब भिंत ३.६ मीटर, म्हणजे पूर्ण मापात कुठल्याच स्केलमध्ये बसत नाही. तो प्रश्न इथेच मिटला. पण खरा हिशेब याहून वाईट आहे, कारण कोपरे जागा खातात.

वळणासाठी एक जुना ठोकताळा आहे: त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट हवी. २६.४ मीटरचा प्रवासी डबा एचओमध्ये ३० सेंटिमीटर होतो, म्हणजे त्रिज्या ९० सेंटिमीटर. एनमध्ये डबा साडेसोळा सेंटिमीटर, त्रिज्या ५०. तिपटीत गाडी फक्त चालते; डोळ्याला बरी दिसायला चौपट लागते. आता समजा रूळ भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर आहे. मग एचओमध्ये कोपऱ्यापासून १.२ मीटर वळणात गेले आणि सरळ उरले २.४ मीटर. एनमध्ये ८० सेंटिमीटर गेले, उरले २.८. गाडी दोन्ही टोकांनी बाहेर जायला हवी असेल तर दोन्ही कोपरे जातात: एचओमध्ये सरळ भाग १.२ मीटर, एनमध्ये २ मीटर.

आणि स्टेशनात गाडी उभी राहायला हवी की नाही? सहा डबे आणि इंजिन एचओमध्ये साधारण २ मीटर होतात, एनमध्ये १.१ मीटर. सांधे याव्यतिरिक्त. म्हणजे दोन्ही टोकांचं, फाट्यासकट, सहा डब्यांचं जंक्शन तुमच्या खोलीत एचओमध्ये होणार नाही. एनमध्ये होईल, तेही बाहेरचे सांधे थोडे वळणात शिरतील तेव्हा. एखाद्या दुकानात आवडलेलं एचओ इंजिन हातात घेऊन लोक स्केल ठरवतात, मीही ठरवलं होतं. स्केल गाडीची लांबी ठरवते आणि गाडीची लांबी भिंत ठरवते. इंजिनाचं मत शेवटी विचारायचं.

तरीही एचओ करायचंच असेल तर एक रस्ता आहे आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो. स्टेशनाचं एकच टोक बांधायचं. तुमच्या उपग्रहचित्रात फलाटाच्या मधोमध रस्त्याचा पूल रूळ ओलांडतोय असं तुम्ही लिहिलंय. देवाने दिलेली कात्री आहे ती! गाडी दिसणाऱ्या टोकाकडून येते, सांध्यांवरून खडखडत फलाटाला लागते आणि तिचं तोंड पुलाखाली जाऊन थांबतं. २.४ मीटरची वाटणी अशी: सांध्यांना ९० सेंटिमीटर, दिसणाऱ्या फलाटाला एक मीटर, पुलापलीकडे लपलेले ५० सेंटिमीटर. चार डबे आणि इंजिन १.४३ मीटरमध्ये बसतात, म्हणजे अगदी मोजून. बघणाऱ्याच्या मनात पुलापलीकडे उरलेलं स्टेशन आपोआप उभं राहतं, कारण खऱ्या फलाटावर उभ्या माणसालाही पुलापलीकडचं दिसत नव्हतंच. अडचण एवढीच की इंजिन सुटं करून दुसऱ्या टोकाला आणता येत नाही. दोन्हीकडे चालककक्ष असलेली डिझेल गाडी चालवा किंवा मागून दुसरं इंजिन लावा.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, एक वाक्य, कारण यात लोक फसतात. एचओचा १६.५ मिलिमीटर रूळ १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी आहे. १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर होतो. १६.५ वरच चालवायचं ठरवलंत तर गाड्या रुळांवर किंचित उंटासारख्या दिसतील. ब्रिटनमधले ओओ प्रमाणवाले १:७६ च्या गाड्या त्याच १६.५ च्या रुळांवर पिढ्यान्‌पिढ्या चालवताहेत, आणि ज्यांना ते खटकलं ते १८.८३ मिलिमीटरचा रूळ हाताने बांधतात. दोन्ही चालतं. ठरवा आणि मग त्यावर रडू नका.

"साधारण चाळीस वर्षांपूर्वी" ही तारीख नव्हे. युरोपातल्या मॉडेल रेल्वेच्या नियमावलीत इतिहासाचे सहा कालखंड केले आहेत. त्यातला तिसरा साधारण १९४५ ते १९७० असा. गाड्या निवडायला हे बरं, पण एका स्टेशनासाठी पंचवीस वर्षं म्हणजे अनेक स्टेशनं झाली. मधे केव्हातरी पाण्याची टाकी पाडलेली असते, फलाट उंच केलेला असतो, सिग्नलचा हात जाऊन दिवा आलेला असतो. एक वर्ष धरा, जमल्यास महिनाही. महिना ठरला की गवताचा रंग, झाडांची पानं आणि सावलीची लांबी हे तीन वाद आपोआप मिटतात. वर्ष कुठलं निवडायचं? ज्या वर्षाचे फोटो जास्त आहेत ते. यात भावना आणू नये.

फोटोंवरून आठवलं. माझा दुसरा लेआउट मोडायला दाबादाबीखेरीज आणखी एक कारण होतं, ते मी फार लोकांना सांगत नाही. केबिनचा एकच चांगला फोटो होता, तो निगेटिव्हवरून मीच स्कॅन केलेला. त्यावरून केबिन बांधली: जिना डावीकडे, धुराडं उजवीकडे, खिडक्यांच्या चौकटी अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यांच्या. आठ महिने ती बोर्डावर दिमाखात उभी होती. मग एकदा तोच फोटो मोठा करून लीव्हर मोजत होतो. केबिनच्या दारात दोन कर्मचारी उभे होते. दोघांच्या शर्टाचे खिसे उजव्या छातीवर! एकाचा असता तर शिंप्याची लहर म्हटलं असतं. मागे उभ्या वॅगनचा नंबर भिंगातून पाहिला तर त्यातला ७ उलट्या दिशेला तोंड करून उभा. निगेटिव्ह मी पालथी ठेवली होती. केबिन, जिना, समोरचा सांधा, सगळं आरशातलं.

तेव्हापासून प्रत्येक जुन्या फोटोला आधी तीन प्रश्न विचारतो. अक्षरं किंवा आकडे सरळ आहेत का? माणसांचे खिसे कुठल्या बाजूला आहेत? आणि सावली कुठे पडली आहे? कर्कवृत्ताच्या उत्तरेला भर दुपारची सावली नेहमी उत्तरेकडेच पडते. नकाशावर उत्तर कुठे आहे ते माहीत असतं, त्यामुळे फोटो लगेच खोटा पडतो. जुन्या रंगीत प्रिंटच्या रंगांवरही विसंबू नका. अंधारात ठेवलेल्या प्रिंटमधला निळसर थर आधी विटतो आणि सगळं लालसर दिसू लागतं. लोक त्यावरून विटांच्या भिंती गेरूसारख्या रंगवतात.

मापं मिळवायला टेप घेऊन रुळात उतरायची गरज नाही, आणि उतरूही नये. फलाटावरून, पादचारी पुलावरून, रस्त्यावरून जे दिसतं ते पुरतं. रेल्वेने स्वतःच जमिनीवर मोजपट्टी अंथरून ठेवली आहे: रुळांखालचे आडवे स्लीपर. मुख्य लाइनवर दोन स्लीपरांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी ६० ते ६५ सेंटिमीटर असतं. एका ठिकाणी खात्री करून घ्यायची आणि मग मोजत सुटायचं. सांध्याच्या टोकापासून मालधक्क्याच्या कोपऱ्यापर्यंत ४६ स्लीपर, म्हणजे साधारण ३० मीटर. जुन्या फोटोतही हे चालतं, जिथे दुसरं काहीच मापाचं नसतं. फक्त दोन जागी फसगत होते. साइडिंगमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या बाजूच्या लाइनवर, स्लीपर विरळ असतात, आणि जुन्या रुळांत दोन तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटजवळ ते मुद्दाम जवळजवळ टाकलेले असतात.

इमारतींना विटांचे थर. कुठेही हात पोचेल तिथे दहा थर मोजून दहाने भागायचं, मग फोटोतले थर मोजून छताची उंची काढायची. गिलावा असेल तर दाराची उंची. फोटोत ओळखीच्या प्रकारची वॅगन उभी असेल तर तिची लांबी छापील मिळते, तीच पट्टी. नवीन फोटो काढताना जवळून रुंद लेन्सने काढू नका. शक्य तितकं लांब आणि अगदी समोर उभं राहा आणि झूम करा. कडा समांतर राहतात आणि फोटोवरूनच मापं घेता येतात. कर्मचाऱ्यांसाठीचं कार्यकारी वेळापत्रक त्या काळातलं मिळालं तर सोनं. कुठली गाडी कुठे थांबत होती, मालगाडी यार्डात किती वेळ होती, हे कळलं की कुठली साइडिंग ठेवायलाच हवी आणि कुठली नुसती गंजत पडली होती ते कळतं.

आता कापून झाल्यावरही थोडं दाबावं लागतंच. तिथे माझे नियम कडक आहेत. उंचीला हात लावायचा नाही. इमारत आखडायची तर गाळ्यांची संख्या कमी करायची, गाळ्याचं माप नाही. माझ्या सध्याच्या लेआउटवरचा मालधक्का खरा ११ कमानींचा, ४४ मीटर लांब. एचओमध्ये अर्धा मीटर झाला असता. मी ७ कमानी ठेवल्या. प्रत्येक कमान खऱ्या मापाची, ४ मीटर, म्हणजे ४६ मिलिमीटर. मूळची संख्या विषम आणि मोठं दार मधल्या कमानीत, म्हणून नवी संख्याही विषमच घेतली; आठ ठेवल्या असत्या तर दार एका बाजूला गेलं असतं आणि समोरून पाहताना काहीतरी चुकल्याची चुटपूट लागली असती. अकराच्या अकरा ठेवून प्रत्येक कमान अरुंद केलेला पुठ्ठ्याचा नमुना मी आधी करून पाहिला होता. समोर वॅगन उभी केली आणि दोन मिनिटांत कचऱ्यात टाकला. माल उतरवणारा माणूस त्या कमानीतून खांद्यावर पोतं घेऊन आडवा शिरला असता.

सांध्यांच्या बाबतीत थोडी उदारता चालते. मुख्य लाइनवरचा साधा सांधा २७ ते ३३ मीटर लांब असतो, एचओमध्ये ३१ ते ३८ सेंटिमीटर. तयार मिळणारे साधारण १८ ते २६ सेंटिमीटरचे असतात. मोठे घ्या, कमी घ्या. खऱ्या यार्डात चौदा सांधे असतील आणि त्यातले सहा कामाचे असतील, तर सहाच घाला. चार साइडिंग असतील तर दोन करा, पण दोघींची लांबी पोटभर ठेवा. तीन वॅगन मावणाऱ्या चार साइडिंगपेक्षा सात वॅगन मावणाऱ्या दोन कधीही बऱ्या.

एक वेगळा मार्गही आहे, आणि तो कमी प्रतीचा मुळीच नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम इथे पेंडन संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड यांनी सुरू केलेल्या त्या कामात १:७६ च्या प्रमाणात १९३० च्या आसपासचा ग्रामीण प्रदेश उभा केला आहे. त्यातली घरं त्या भागातल्या खऱ्या घरांची मापं घेऊन केलेली आहेत, पण त्यांचं मिळून झालेलं गाव नकाशावर कुठेच नाही. जागेचा बंध जाचक वाटला तर असं करता येतं: इमारती खऱ्या, मांडणी आपली, आणि नाव मात्र बदललेलं. खरं नाव लावून मांडणी बदलणं मला पटत नाही. पाटीवर नाव लिहिलं की तो शब्द दिल्यासारखं आहे.

आराखडा संगणकावर करा, हरकत नाही, पण त्यावर विश्वास ठेवू नका. पडद्यावर सगळे सांधे बसतात. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून खोलीच्या जमिनीवर पूर्ण मापाचा आराखडा काढा. सांध्यांच्या छापील प्रती कापून ठेवा, इमारतींच्या जागी खोकी, झाडांच्या जागी बाटल्या. मग पोटावर झोपून एका डोळ्याने बघा. दोन आठवडे तसंच राहू द्या. घरच्यांची कुरकुर होईल. याच दोन आठवड्यांत कळतं की दार उघडताना बोर्डाला लागतंय, कोपऱ्यातल्या सांध्यापर्यंत हात पोचत नाहीये. हात ६० सेंटिमीटरपर्यंत आरामात पोचतो, त्यापुढे बाही सिग्नल मोडते.

गाड्या जिथून येतात ती लपलेली जागा याच वेळी आखायची. नवखे लोक ती उरलेल्या जागेत कोंबतात. तुमच्या वेळापत्रकात एका सत्रात किती वेगवेगळ्या गाड्या येतात ते मोजा, तेवढे लपलेले ट्रॅक हवेत, आणि एक रिकामा. लहान भिंतीवर वळणानंतर दीड मीटर उरतो, तो अख्खा तिला द्या. फाटा मात्र कुठेही नेऊ नका. तो एखाद्या खोदलेल्या घळीत शिरताना दिसला आणि झाडीमागे तीस सेंटिमीटरवर संपला, तरी काम झालं.

सुतारकामात फार वेळ घालवत नाही, यावर सगळ्यांनीच लिहिलंय. नऊ किंवा बारा मिलिमीटर प्लाय, खाली फ्रेम, बोर्डाची उंची १.१ ते १.३ मीटर म्हणजे नजर फलाटाजवळ येते. आडव्या दांड्या सांध्यांच्या जागा बघूनच टाका. माझ्या पहिल्या लेआउटवर सांधे हलवणाऱ्या सातपैकी तीन मोटरी नेमक्या दांडीवर आल्या होत्या. रूळ उन्हाळ्यात वाकले की लोक धातूला दोष देतात. दहा मीटर रूळ पंधरा अंशांच्या फरकाने जेमतेम अडीच मिलिमीटर वाढतो. बरेचदा लाकूड सुकून आखडलेलं असतं. प्लाय दोन्ही बाजूंनी आणि कडांना रंगवा, आणि रुळांच्या जोडांत थोडी फट सोडा. चढ दोन टक्क्यांच्या आत. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायला एचओमध्ये नऊ सेंटिमीटर उंची धरली तर त्यासाठी साडेचार मीटर लांबी लागते, जी तुमच्याकडे नाही. तेव्हा एकावर एक काही आखू नका.

वीज: बोर्डाखालून जाड तारांची एक जोडी, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र बारीक तार. जोडपट्टीच्या भरवशावर वीज सोडायची नाही. डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण, घेतलंत तर तारा जोडल्यावर लेआउटच्या सगळ्यात लांबच्या टोकाला रुळांवर एक नाणं आडवं ठेवा. कंट्रोलर तत्काळ बंद पडला पाहिजे. नाही पडला तर तार बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे, आणि पुढेमागे तिथे इंजिन घसरलं तर काहीतरी वितळेल.

निसर्गदृश्यात मात्र पुन्हा हिशेबाकडे या, कारण इथे सगळे अंदाजाने हात चालवतात. स्थिरविद्युतने तंतू उभे करून चिकटवलेलं चार मिलिमीटरचं गवत एचओमध्ये ३५ सेंटिमीटर उंच होतं, सहा मिलिमीटरचं ५२. रुळाकडेच्या पायवाटेवर गुडघ्याएवढं गवत नसतं; तिथे दोन मिलिमीटर. खडी खरी पाच सेंटिमीटरची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी मोठी. बाजारातली बरीच खडी याच्या दुप्पट असते आणि रूळ दगडांच्या ढिगावर ठेवल्यासारखे दिसतात. झाडांचं उलट. वीस मीटरचं झाड एचओमध्ये २३ सेंटिमीटर. लोक दहा सेंटिमीटरची झाडं लावतात आणि स्टेशनाची इमारत आपोआप राजवाड्यासारखी दिसते. मागच्या बाजूला लहान झाडं चालतात, हवीतच. लंडनच्या किंग्ज क्रॉसच्या उत्तरेकडचा परिसर दाखवणाऱ्या कोपनहेगन फील्ड्स या २ मिलिमीटर स्केलच्या (खऱ्या एका फुटाला २ मिलिमीटर) लेआउटमध्ये मागची घरं मुद्दाम पुढच्यांपेक्षा लहान प्रमाणात केली आहेत, त्यामुळे शहर दूरवर पसरल्यासारखं वाटतं. रंगांनाही हेच: डब्यातला रंग सरळ लावू नका, थोडा करडा मिसळा, मागे जाल तसा जास्त. आणि ज्या दिव्याखाली लेआउट राहणार त्याच दिव्याखाली रंगवा.

राहिला तिसरा प्रश्न, सुरुवात कुठून. जमिनीवरचा कागद ठरला की पहिली केबिन बांधा. ती लहान आहे आणि तुमच्या आठपैकी पाच फोटोंत आहे. पुठ्ठ्याचीच करा, रंग नको. कागदी आराखड्यावर तिच्या जागी ठेवा, शेजारी पुठ्ठ्याचा फलाट, मागे पुलाच्या कठड्याची पट्टी. मग जुना फोटो जिथून काढला असेल ती जागा आराखड्यावर शोधा. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारे १.६ मीटरवर असतो. एचओमध्ये १८ मिलिमीटर, एनमध्ये १०. मोबाइल उलटा धरा म्हणजे लेन्स खाली येते आणि साधारण त्या उंचीवर टेकवता येते. फोटो काढा, काळा-पांढरा करा आणि जुन्याशेजारी ठेवा. पुलाचा कठडा केबिनच्या छताला जिथे छेदतो तो बिंदू दोन्हींत एकाच जागी आला, तर प्लाय आणायला जा. नाही आला तर पूल सरकवा आणि पुन्हा फोटो काढा. मला हा बिंदू जुळवायला तीन रविवार लागले होते, आणि शेवटी पूल फक्त चार सेंटिमीटर हलवायचा होता.